रान सरकारी, वाट मालकीची

आग्याचा मध काढायला शिकलो तेव्हा सगळ्यात अवघड वाटायचा तो कडा. दोराची गाठ, उलटा फिरणारा वारा आणि चवताळलेल्या माश्या, भीती असायची ती एवढ्याचीच. कड्यापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न कुणाला पडत नसे. पहाटे गावातून निघायचं आणि चालत जायचं. आज कडा तिथंच आहे. पावसाळा सरला की आग्या अजूनही येतो. दोर पूर्वीपेक्षा चांगले मिळतात, अंगभर घालायचे जाळीचे कपडे मिळतात, महाबळेश्वरच्या मध संचालनालयात शास्त्रशुद्ध शिक्षणही मिळतं. आता अडते ती वाट. वयाची बरीच वर्षं मी मधाच्या मागे घालवली, आणि त्यातली पुष्कळशी या वाटेच्या मागे गेली.

महाबळेश्वर-जावळीकडचं रान बाहेरून आलेल्या माणसाला एकसलग जंगल दिसतं. कागदावर ते पट्ट्यापट्ट्यांचं आहे. वर पठाराचा काठ, तो बहुतेक राखीव वनात. त्याखाली उभा कडा. कड्याच्या पायाशी दाट रान, तेही सरकारी. त्याच्याखाली मालकी रान. तिथं जांभूळ, हिरडा, ऐन, आंबा उभा असतो. कधीकाळी मधल्या उताराच्या पट्ट्यांत नाचणी-वरई व्हायची, म्हणून त्याचा सातबारा झाला. आणि सगळ्यात खाली गाव. म्हणजे गावातून सरकारी रानात पाऊल टाकायचं तर मध्ये मालकी रान ओलांडावंच लागतं. दुसरी तोंडं आहेत, पण ती घळीतून किंवा धारेवरून जाणारी, शेळ्यांनीही विचार करावा अशी.

पूर्वी याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण मालक भावकीतलाच असायचा. ज्याच्या रानातून वाट जायची तोही त्याच वाटेनं गुरं न्यायचा, हिरडा गोळा करायचा, घराच्या कुडासाठी कारवीच्या काठ्या आणायचा, वरच्या देवीला नारळ फोडायला जायचा. आजोबांच्या पिढीत याच वाटांनी शिमग्याच्या सुमाराला पारध निघायची. हाका घालणारे खालून चढायचे आणि बंदुकीवाले खिंडीत बसायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली हे फार चांगलं झालं. आज भेकर, गवा नजरेला पडतो तो त्यामुळेच. पारध गेली, पण तिच्या वाटा उरल्या. त्याच वाटांनी माझे वडील मधाला जाऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग मी. खिंडीत जिथं बंदूकवाला दबा धरायचा तिथं आम्ही डबे उतरवून पाणी प्यायचो.

मालकी हळूहळू हलली. कोयना धरणात खोऱ्याची तळची गावं आणि भातखाचरं गेली. माणसं उठून लांब गेली, आणि वरच्या उतारावरचे गट नुसते नावावर राहिले. उरलेल्यांची पोरं मुंबईला माथाडीत, गिरणीत गेली. कसणारा कुणी नाही, सातबाऱ्यावर वारसांची रांग लागलेली, अशी जमीन विकत घ्यायला दलाल आला तर ती जाणारच. 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यानं बांधकामाला लगाम बसला, पण खरेदीखताला नाही बसला. पलीकडे कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीची शेकडो एकरांची खरेदी 2024 मध्ये वर्तमानपत्रांतून गाजली आणि हरित न्यायाधिकरणानं तिची दखल घेतली. नवीन महाबळेश्वरच्या आराखड्यात 235 गावं धरली गेली, तेव्हा तर ज्या उताराकडे कुणी बघत नव्हतं त्यालाही गिऱ्हाईक आलं. मी विकणाऱ्याला दोष देत नाही. पोरीचं लग्न, आजारपण, मुंबईतली खोली यांसाठी त्यानं विकलं. मला सलतं ते एवढंच, की खरेदीखतात झाडं मोजून लिहिली जातात, चतु:सीमा लिहिल्या जातात, विहीर असेल तर विहीर लिहिली जाते. आणि त्या गटातून पिढ्यानपिढ्या गेलेली पाऊलवाट कुणी लिहीत नाही.

आमच्या बाजूची पहिली वाट बंद झाली ती लाकडासाठी. जांभूळ-हिरड्याचं मोठं रान एका लाकूडवाल्यानं घेतलं. जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली. परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्यानं परवानगी काढली, काही तोड केली, आणि उरलेलं रान राखायला तारेचं कुंपण घातलं. रीतीप्रमाणे त्याचं ते बरोबरच होतं. लाकूड चोरीला जाऊ नये असं कुणालाही वाटेल. पण आमची वाट नेमकी त्याच्या मधून वर जात होती, आणि वर सरकारी कड्यावर आग्याची पोळी ओळीनं लागलेली होती. ती पोळी खालून डोळ्यांना दिसायची. जंगल खात्याची परवानगी खिशात असायची. जायला तेवढी वाट नव्हती.

फाटकावरचा राखणदार आमच्याच खोऱ्यातला होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"भाऊ, तुमाला अडवायला मलाच लाज वाटती. पण मालकानं सांगितलंय, कुनालाबी सोडायचं न्हाय. एकाला सोडला की धा येत्यात."

"मी लाकूड न्यायला आलोय का?"

"त्ये मला ठावं हाय. त्यांला न्हाय."

त्या हंगामात आम्ही ओढ्याच्या घळीतून वर जायचं ठरवलं. जाताना जमलं. येताना मधाचे डबे पाठीवर, ओल्या शेवाळावरून उतरायचं, आणि अंधार पडायला आलेला. बरोबरचा एक पोरगा घसरला आणि त्याच्या नडगीचं हाड मोडलं. घळीतून त्याला खाली काढणं शक्य नव्हतं. घोंगडीची डोली करून आडवं चालत आम्ही त्याच कुंपणाच्या आतल्या बाजूला येऊन पोचलो. राखणदारानं काही विचारलं नाही. फाटक उघडलं, डोलीचा एक कोपरा खांद्यावर घेतला आणि रस्त्यापर्यंत आला. पोरगा पुढे बरा झाला, पण कड्यावर परत कधी चढला नाही. दिवाळीनंतर गेलो तेव्हा फाटकावर दुसराच माणूस होता, खोऱ्याबाहेरचा.

त्या प्रसंगापासून मी कागदांच्या मागे लागलो. तोवर मला वाटायचं, सरकारी रान सगळ्यांचं आहे म्हणजे तिथं जायचा हक्क आपोआपच असणार. तसं नसतं. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 143 शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता देतं, पण तो स्वतःच्या शेतात जायला. 1906 चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि हा कायदा गावाकडच्या गरिबाला खरोखर उपयोगी पडणारा आहे. पण तोही शेतीच्या, चराईच्या, पिकाच्या, झाडांच्या जमिनीकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल बोलतो. मी अर्ज दिला तेव्हा मला सरळ विचारलं गेलं, "पलीकडे तुमची जमीन कोणती?" पलीकडे माझी जमीन नव्हती. पलीकडे सरकारची जमीन होती, आणि सरकार काही अर्जदार म्हणून माझ्या शेजारी उभं नव्हतं.

राखीव वनाच्या आतली गोष्ट निराळी आहे. तिथली एखादी वाट वनाधिकाऱ्यानं बंद केली, तर सोयीची पर्यायी वाट असली पाहिजे, असं 1927 च्या भारतीय वन कायद्यातच म्हटलंय. म्हणजे जंगलाच्या आत कायद्यानं वाटेचा विचार केलाय. जंगलाच्या दारापर्यंत पोचण्याचा मात्र कुणी केला नाही. कायदा लिहिणाऱ्यांना बहुधा वाटलं असेल, तिथवर तर माणूस पोचतोच.

हे दुखणं आपल्यापुरतं नाही, हेही नंतर कळलं. अमेरिकेत वायोमिंग राज्यात सरकारी आणि खाजगी जमिनीचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे आलटून पालटून आहेत, रेल्वे कंपन्यांना दिलेल्या जमिनींमुळे. 2021 मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जाताना कोपऱ्यावर शिडी लावली, मालकाच्या जमिनीला पाय लावला नाही, तरी त्यांच्यावर खटले झाले. मार्च 2025 मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. आधार होता 1885 च्या एका कायद्याचा, ज्यानं सरकारी जमिनीकडे जाणारी वाट कुंपण घालून अडवायला मनाई केली होती. स्कॉटलंडनं तर 2003 मध्ये कायदाच केला, की जबाबदारीनं वागणाऱ्या माणसाला बहुतेक जमिनीवरून चालत जायचा हक्क आहे. हे वाचलं तेव्हा मला दिलासा वाटला आणि रागही आला. दिलासा अशासाठी की आपण मागतोय ते वेडगळ नाही. राग अशासाठी की आपल्याकडे असं एकही वाक्य कायद्यात सापडत नाही, ज्यावर बोट ठेवून कड्याकडे जाता येईल.

मालकांबद्दल माझं मत मात्र एका माणसानं बदललं. आमच्या वाटेवरचा आणखी एक गट पुण्याच्या एका गृहस्थांनी घेतला होता. मी चिडूनच भेटायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही मध न्या, मला आनंदच आहे. पण मला तीन भीती आहेत. वणव्याची, झाडं चोरीला जाण्याची आणि वकिलांनी घातलेली तिसरी. ते म्हणतात, आज येऊ द्याल तर वीस वर्षांनी हे लोक हक्क सांगतील."

तिसरी भीती खोटी नव्हती. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात तसंच आहे: उघडपणे, शांततेनं, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं वहिवाट केली, तर हक्क मिळू शकतो. त्यात 'हक्क म्हणून' हे महत्त्वाचं. परवानगीनं केलेली वहिवाट कितीही वर्षं चालली तरी हक्क होत नाही. म्हणजे मालकाला निर्धास्त करायचं तर लेखी परवानगी घ्यावी, आणि ती घेतली की आपला हक्काचा दावा आपणच मोडला. गावात मी हे सांगितलं तेव्हा एक वयस्कर आबा संतापले. "आमच्या बापजाद्यांच्या वाटंची परवानगी मागायची? उद्या पाण्याची मागशील." त्यांचा राग मला पटत होता, आणि हंगाम समोर उभा होता. मधाच्या धंद्यात हंगाम गेला तर वर्ष गेलं. सातेरीच्या पेट्या कुंपणाबाहेर ठेवून निभतं, कारण माशी किलोमीटर-दीड किलोमीटरवरून मकरंद आणते. पण आग्या पेटीत राहत नाही. त्याच्यापाशी आपल्यालाच जावं लागतं.

शेवटी गावाच्या बैठकीत निघाला तो मार्ग मला आजही योग्य वाटतो. आम्ही भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढला. नकाशात पायमार्ग तुटक रेषेनं दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमच्या दोन वाटा तुटक रेषेत सापडल्या, एक सापडली नाही. जिथं रेषा होती तिथं कुणाचीही परवानगी घ्यायची नाही, ती वाट गावाची आहे असंच म्हणायचं, असं ठरलं. पुण्याच्या गृहस्थांच्या रानातली वाट नकाशात नव्हती. तिथं आम्ही लेखी करार केला: किती माणसं, कोणते महिने, बिडी नाही, धुराडं पाण्यात विझवूनच फाटकाबाहेर पडायचं, तोड दिसली तर मालकाला कळवायचं. आणि त्यात एक वाक्य आम्ही हट्टानं घातलं, की या करारानं गावाचा रूढीनं आलेला कोणताही हक्क सोडला असं समजलं जाणार नाही. त्यांनी सही केली. वकील कुरकुरले असतील. त्या रानात आमच्या पायी कधी आग लागली नाही आणि लाकूडही गेलं नाही.

आगीचा विषय निघालाच आहे तर लाकूडवाल्याच्या कुंपणाची पुढची हकिकत सांगायला हवी, कारण ती अधिकाऱ्यांनाही पटते. एका मार्चमध्ये वरच्या सरकारी उतारावर वणवा दिसला. वनरक्षक आणि आम्ही गावकरी हिरव्या फांद्या घेऊन धावलो, आणि सगळेच फाटकाशी अडलो. कुलूप होतं, राखणदार जेवायला गेलेला, किल्ली त्याच्यापाशी. वनरक्षकाच्या अंगावर सरकारी वर्दी होती, त्यालाही आत जाता येईना. वळसा घालून पोचेस्तोवर आग कारवीत शिरली होती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तेव्हाचा मध पुन्हा तितकीच वर्षं मिळत नाही. त्या उतारावरची कारवी फुलायच्या आतच गेली. त्या संध्याकाळी तो वनरक्षक मला म्हणाला, "तुमची वाट ती आमचीच वाट आहे, हे वरच्यांना सांगा." तेव्हापासून प्रत्येक अर्जात मी पहिलं कारण वणव्याचं लिहितो आणि मधाचं दुसरं.

सध्या आमचा सगळा जोर वनहक्क कायद्यावर आहे. 2006 च्या या कायद्यात मध हे गौण वनोपज म्हणून नावानिशी लिहिलंय, आणि ते परंपरेनं गोळा करणाऱ्यांना त्याच्यापर्यंत पोचण्याचा हक्कही दिलाय. आम्ही अनुसूचित जमातीचे नाही, त्यामुळे तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तो दाखवणं अवघड नाही, मेहनतीचं आहे. जुने कागद धरणाबरोबर आणि मुंबईच्या खोल्यांबरोबर विखुरलेत. पण या कायद्याच्या नियमांत जाणत्या माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, आणि हा आमचा सगळ्यात मोठा आधार आहे. आबांना आणि त्यांच्या वयाच्या दोघीतिघींना घेऊन आम्ही वाटा चाललो. बायकांना वाटा जास्त माहीत असतात. हिरडा, लाकूडफाटा, पाणी, सगळं त्यांच्या पायाखालचं. प्रत्येक विसाव्याचा दगड, ओढ्यावरची उडी, देवीचा थांबा मोबाईलवर टिपून नकाशावर बसवला. जिथं कुंपण आडवं आलं तिथं कुंपणाचंही टिपण केलं आणि पलीकडून पुन्हा सुरुवात केली. हा दावा मालकी रानावर चालेल असं मी म्हणत नाही, कायदा वनजमिनीचा आहे. पण सरकारी रानातला हक्क मान्य झाला की पलीकडे आमचं काय आहे, या प्रश्नाला पहिल्यांदा लेखी उत्तर मिळेल.

2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळच्या मांघरला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हा आम्हा सगळ्या मधपाळांना अभिमान वाटला. घरोघर पेट्या, माहितीचे फलक, येणारे पर्यटक, हे सगळं चांगलं आहे आणि वाढावं. पण मधाचं गाव टिकतं ते गावाबाहेरच्या रानावर. जांभूळ उभा राहिला पाहिजे आणि माणूस रानापर्यंत पोचला पाहिजे. जो पोचत नाही तो राखतही नाही. कड्यावर जाणारा मधपाळ बेकायदा तोड पहिल्यांदा बघतो, फासे पहिल्यांदा काढतो, आगीचा धूर पहिल्यांदा ओळखतो. वाट बंद झाल्यावर आमच्याकडची तरुण पोरं हॉटेलात कामाला लागली. आता त्यांना ते रान ओळखताही येत नाही.

2025 मध्ये शासनानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत करायचा निर्णय घेतला. फार चांगला निर्णय आहे. माझी मागणी एवढीच, की सरकारी वनाकडे, देवराईकडे आणि पाणवठ्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटाही त्याच रकान्यात आल्या पाहिजेत, म्हणजे जमीन विकली तरी वाट जमिनीबरोबर लिहिलेली राहील. आणि खोऱ्यातल्या गावांना सांगणं असं, की शासनाची वाट बघत बसू नका. गावाचा नकाशा आजच काढा, तुटक रेषा कुठं आहेत ते बघा, आणि ज्या वाटा नकाशात नाहीत त्यांच्यासाठी जाणत्या माणसांचे जबाब ग्रामसभेत लिहून घ्या. वाट अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलमध्ये अर्ज गेलाच पाहिजे, आणि वीस वर्षांच्या वहिवाटीवर दिवाणी दावा करायचा असेल तर अडवल्यापासून दोन वर्षांच्या आत. आमच्या आबांचा जबाब आम्ही माघ महिन्यात घेतला. ते श्रावणात गेले.